कोंबडीची घरघर: पहिल्या रात्रीपासून पुन्हा खुराड्यात सोडेपर्यंत

परसातल्या कोंबड्यांचा श्वसनाचा आजार दिवसा डोळ्यांना दिसतो त्याआधी रात्री कानांना कळतो. दिवसभर त्या उकिरडा उकरत हिंडत असतात, आवाज गोंगाटात बुडून जातो, आणि आजारी पक्षी जमेल तितके दिवस आजार लपवतो. म्हणून रात्री नऊच्या सुमारास सगळ्या दांडीवर बसून गप्प झाल्या की बॅटरी न लावता खुराड्याजवळ दोन-तीन मिनिटे उभे राहा. निरोगी कोंबडीचा श्वास ऐकू येत नाही. ओली घरघर, शिट्टीसारखा बारीक सूर, मधूनच शिंक किंवा मान झटकल्याचा आवाज आला, तर उजाडायची वाट न पाहता ती कोंबडी ओळखून वेगळी काढा.

या आजारात सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दुकानातून 'सर्दीचे औषध' आणून सगळ्यांच्या पाण्यात टाकणे. घरघरीमागे कधी विषाणू असतो, कधी जीवाणू, कधी बुरशी, तर कधी निव्वळ खुराड्यातली कोंदट हवा. प्रतिजैविक यांपैकी फक्त जीवाणूवर चालते. वेगळे ठेवणे, ऊब, पाणी आणि स्वच्छ हवा मात्र प्रत्येक आजारात लागते. पहिल्या २४ तासांत ती मिळाली की नाही, यावरच कोंबडीचे पुढचे बरेचसे ठरते.

हे दिसले तर घरी उपचार करत बसू नका

एक-दोन दिवसांत कोंबड्या पटापट मरू लागल्या, तुरा आणि कल्ले निळे-जांभळे पडले, डोके सुजले, पायांच्या खवल्यांवर रक्ताचे डाग दिसले, तर तडक पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, कापून पाहू नका, ओढ्यात टाकू नका. आणि उरलेल्या 'निदान पैसे तरी होतील' म्हणून बाजारात नेऊ नका. आजार एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जातो तो नेमका असाच.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हाही घाईचाच आजार. चोच उघडून धाप, हिरवी पातळ विष्ठा, पंख खाली लोंबणे, आणि दोन-चार दिवसांत मान वाकडी होणे किंवा पाय लुळे पडणे, असा त्याचा क्रम असतो. लस न दिलेल्या कळपात तो शिरला की थोड्याच कोंबड्या उरतात. त्यावर औषध नाही. शिवाय याच विषाणूमुळे माणसाचे डोळे येतात. तेव्हा अशा कोंबड्या हाताळताना तोंडाला रुमाल बांधा, डोळे चोळू नका, हात साबणाने धुवा.

हिरव्या विष्ठेबद्दल एक सावधगिरी: दोन दिवस काहीच न खाल्लेल्या कोणत्याही कोंबडीची विष्ठा गडद हिरवी होते, कारण आतड्यात फक्त पित्तच उरलेले असते. म्हणून केवळ रंगावरून मानमोडी ठरवू नका. मान, पाय आणि शेजारच्या कोंबड्या पाहा.

कोंबडी श्वास कसा घेते, हे आधी समजून घ्या

कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. तिची फुप्फुसे फुगत-आकसत नाहीत. शरीरात पसरलेल्या ९ वायुपिशव्या भात्याचे काम करतात आणि तो भाता चालतो छातीचे मधले हाड खालीवर होऊन. म्हणून छाती मुठीत घट्ट आवळली की कोंबडी गुदमरते, चोच कितीही उघडी असली तरी. उचलताना एक हात पोटाखाली, पाय दोन बोटांत, दुसरा हात पंखांवर, छाती मोकळी. पायांना धरून उलटी लटकवत नेण्याची आपली जुनी सवय आजारी कोंबडीच्या जिवावर बेतते. नाकातला आणि घशातला चिकट स्राव श्वासनळीकडे उतरतो.

वायुपिशव्यांना रक्तपुरवठा अगदी कमी असतो. तिथे एकदा पू साचला की औषध पुरेसे पोहोचत नाही, म्हणून जुनाट घरघर औषध चालू असताना थांबते आणि ते बंद केल्यावर परतते. नाकाची पोकळी डोळ्याखालपर्यंत जाते, त्यामुळे सर्दी झाली की गाल सुजतो. आणि टाळूला मधोमध एक फट असते, ती थेट नाकात उघडते. चोच उघडून ही फट पाहायची सवय लावून घ्या. निरोगी कोंबडीत ती गुलाबी आणि स्वच्छ असते, आजारात चिकट शेंबडाने किंवा पिवळ्या कणांनी भरते.

कोणता आजार असावा

खात्रीचे निदान प्रयोगशाळेतच होते. पण आजाराचा वेग, वास, डोळे आणि अंडी या चार गोष्टी नीट पाहिल्या तर डॉक्टरांना सांगण्यासारखे बरेच काही हाती येते.

सावकाश सरकणारा, आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा आजार बहुधा सीआरडी, म्हणजे जुनाट श्वसनरोग, असतो. मायकोप्लाझ्मा नावाचा जीवाणू तो करतो. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे, रात्रीची घरघर, वजन उतरणे, अंडी कमी होणे. कोंबडी खाते, हिंडते, पण अंगी लागत नाही. मरतूक थोडी असते. मात्र वर ई. कोलाय या दुसऱ्या जीवाणूचा संसर्ग चढला की तीच कोंबडी चार दिवसांत बसते.

कोरायझा, म्हणजे जीवाणूमुळे होणारी कोंबड्यांची सर्दी, याच्या उलट. काल बरी असलेली कोंबडी आज एका बाजूने गाल सुजून उभी, नाकातून चिकट स्राव, आणि जवळ गेले की कुजका वास. हा वास एकदा घेतला की विसरत नाही. लागण झाल्यापासून १ ते ३ दिवसांत लक्षणे दिसतात, त्यामुळे आठवडी बाजारातून कोंबडी आणल्यावर त्याच आठवड्यात गाल सुजू लागले तर संशय त्या नव्या कोंबडीवर घ्यावा.

एक-दोन दिवसांत सगळाच कळप शिंकायला लागला, कोणी फार मेले नाही, पण अंडी सुरकुतलेली, मऊ कवचाची आणि पांढरा बलक पाण्यासारखा पातळ, तर ते आयबी, म्हणजे इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस, या विषाणूजन्य आजाराचे काम. मान लांब करून खोकताना रक्ताचे शिंतोडे भिंतीवर किंवा चोचीवर दिसले तर आयएलटी, म्हणजे घसा आणि श्वासनळी सुजवणारा विषाणूजन्य आजार. तोंडात आणि घशात पिवळट, घट्ट चिकटलेले थर असतील तर ओली देवी. डास वाढले की हा आजारही वाढतो, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. हे थर नखाने ओरबाडून काढू नका. खालून रक्त येते, सूज वाढते, आणि श्वासनळीच्या तोंडाशी थर असेल तर कोंबडी तिथेच गुदमरते.

पिल्ले चोच उघडून धापा टाकतात पण आवाज अजिबात नाही, असे असेल तर अंथरूण हातात घेऊन वास घ्या. बुरशी लागलेला तूस किंवा भिजून पुन्हा वाळलेले गवत हे त्याचे कारण असते. यावर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही. अंथरूण बदलले की नवी पिल्ले आजारी पडायची थांबतात. ज्यांच्या फुप्फुसात गाठी झाल्या ती बहुधा वाचत नाहीत. मोकळ्या फिरणाऱ्या, गांडुळे वेचणाऱ्या तलंगा मान ताणून जांभई दिल्यासारखे करत असतील तर श्वासनळीतले लाल कृमी असू शकतात. त्यासाठी जंतनाशक वेगळे, तेही डॉक्टरांकडून.

आणि एप्रिल-मेच्या दुपारी चोच उघडी, पंख अंगापासून दूर, पण नाक-डोळे कोरडे आणि आवाज नाही, तर तो आजार नाही, उन्हाळा आहे. सावलीत ओल्या पोत्याजवळ अर्धा तास ठेवून पाहा.

पहिला दिवस: वेगळी पेटी

आजारी कोंबडी घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, खुराड्याला लागून नको. फळांचे क्रेट, लाकडी खोके, जाड पुठ्ठ्याचे खोके, काहीही चालेल. आत साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद जागा हवी. तळाला जुने सुती कापड किंवा वर्तमानपत्राचे चार थर, रोज बदलायचे. तूस आणि लाकडाचा भुसा इथे नको, त्याची धूळ आधीच त्रासलेल्या नाकात जाते. झाकण म्हणून जाळी. प्लास्टिकचा कागद टाकून वरून बंद केले की आत वाफ आणि अमोनिया साचतो.

कोंबडीचे शरीर मुळात गरम, सुमारे ४०.५ ते ४१.७ अंश सेल्सिअस. आजारी पडली की ही उष्णता टिकवायलाच तिची ताकद खर्च होते. पिसे फुलवून, मान आत घेऊन बसते ती त्यामुळे. थंडीत किंवा पावसात पेटीच्या एका टोकाला ४० किंवा ६० वॉटचा पिवळा बल्ब दीड फुटांवर टांगा आणि त्या बाजूचे तापमान २७ ते ३० अंशांच्या आसपास ठेवा. दुसरे टोक बिनऊबेचे राहू द्या, म्हणजे तिला हवे तिथे सरकता येईल. ती बल्बपासून लांब जाऊन चोच उघडी ठेवत असेल तर बल्ब वर घ्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको: धूर आणि विषारी वायू कोंबडीला आधी मारतात आणि माणसालाही सोडत नाहीत.

पेटीत ठेवण्यापूर्वी तिचे वजन करा आणि लिहून ठेवा. पुढे रोज सकाळी, खाण्याआधी, त्याच काट्यावर. दीड किलोच्या कोंबडीचे १५० ग्रॅम उतरले म्हणजे दहावा हिस्सा गेला. आता तिला भरवावे लागणार. डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. पिसांखाली छातीचे हाड सुरीसारखे लागेपर्यंत वरून काही कळत नाही.

काम करण्याचा क्रमही ठरवून घ्या: आधी निरोगी कोंबड्यांचे दाणापाणी, शेवटी आजारी. तिच्यासाठी भांडी वेगळी, आणि चपलाही वेगळ्या असल्या तर उत्तम. हे जमले नाही तर वेगळी पेटी नुसती नावाला राहते.

पाणी आधी, दाणा नंतर

निरोगी कोंबडी दिवसाला २०० ते ३०० मिलिलिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आजारी कोंबडी निम्मेही पीत नाही. पहिल्या दिवशी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. हे पाणी एकच दिवस आणि सहा-सात तासांनी ताजे. गोड पाणी आंबते. नंतर साधे स्वच्छ पाणी. दीड किलोच्या कोंबडीला दिवसभरात किमान ७५ मिलिलिटर तरी पोटात जायला हवे.

पीत नसेल तर बिनसुईची सिरिंज घ्या. कोंबडीला सरळ बसवा, चोचीच्या कडेला एक-एक थेंब सोडा आणि तिने गिळल्यावरच पुढचा. जिभेच्या मुळाशी जी फट उघडझाप करताना दिसते ती श्वासनळी. पिचकारी तिच्यात गेली की पाच मिनिटांत कोंबडी हातात मरते. लोक म्हणतात 'औषध सोसले नाही'. औषध नसते, धार चुकलेली असते.

खायला तिच्या नेहमीच्या भरडीलाच गरम पाण्यात कालवून मऊ करा. सोबत उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, तांदळाची घट्ट पेज किंवा शिजवलेल्या कण्या. नाक चोंदलेल्या कोंबडीला कोरडा दाणा टोचून गिळायचा कंटाळा येतो. दोन दिवस तोंड लावलेच नाही तर पातळ पेज आणि बलक गाळून सिरिंजने भरवा, एका वेळी १० ते १५ मिलिलिटर, दिवसातून ४-५ वेळा. सिरिंजचे टोक कोंबडीच्या चोचीत तिच्या डाव्या कडेने घालून उजवीकडे वळवा; अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने जाते. चोच उघडून धापा टाकत असेल तर भरवू नका, आधी श्वास शांत होऊ द्या. भरवण्यापूर्वी गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा: आधीचे तसेच असेल तर वर आणखी ढकलू नका.

धोका ओसरल्यावर शेवग्याचा पाला, मेथी, लसूणघास, किसलेले गाजर द्या. अ जीवनसत्त्व कमी पडले की नाकाचे आणि घशाचे आतले अस्तरच राठ होते आणि प्रत्येक जंतूला वाट मोकळी मिळते. नुसती ज्वारी आणि तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांत हे हमखास दिसते.

डोळे, नाक आणि वाफ

मेडिकलमधले सलाइन घ्या किंवा अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण सपाट पाऊण चमचा, विरघळवा. कापसाच्या बोळ्याने आधी पापणी भिजवा, मिनिटभर थांबा, मग पुसा. कोरडे खरडू नका. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला नको. नाकपुडीवरची खपली भिजवून काढली तरी कोंबडीला लगेच मोकळे वाटते. हे दिवसातून दोनदा. पापणीखाली चीझसारखा घट्ट पू साचला असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्या, डोळा वाचतो.

घरात नेब्युलायझर असेल तर नुसते सलाइन त्यात घालून, पेटीवर सैल कापड टाकून १० मिनिटे बारीक तुषार सोडा, दिवसातून दोनदा. चिकट स्राव सैल होतो. उकळत्या पाण्याची वाफ देऊ नका. बंद पेटीत उष्णता वाढते आणि भाजण्याचीही भीती.

घरगुती उपायांत हळद, आले, तुळस, लसूण भरडीत चिमूटभर घातल्याने बिघडत नाही; त्यावर विसंबून तीन दिवस घालवले तर बिघडते. काही उपाय मात्र सरळ घातक आहेत. नाकात तेल सोडणे, नाकात पीस खुपसणे, आणि कोंबड्या आत असताना खुराड्यात कडुनिंबाची किंवा कापराची धुरी करणे. धूर थेट वायुपिशव्यांपर्यंत जातो. डास घालवायचे असतील तर जाळी लावा.

औषध: कोणते, किती, आणि कुठे फसते

प्रतिजैविक पशुवैद्यकांनी लिहून दिल्यावरच. गावातल्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना वर सांगितलेल्या चार गोष्टी सांगा: किती दिवसांत किती कोंबड्या, वास, डोळे, अंडी. एखादी ताजी मेलेली कोंबडी असेल आणि बर्ड फ्लूचा संशय नसेल, तर त्यांच्या सांगण्याप्रमाणे बर्फात ठेवून शवविच्छेदनासाठी न्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. एका तपासणीतून कळते ते दहा पुड्या बदलून कळत नाही.

सीआरडीवर टायलोसिन, टियामुलिन, डॉक्सिसायक्लिन ही नावे चिठ्ठीवर दिसतात. टायलोसिनची सर्वसाधारण मात्रा एक लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम मूळ औषध, ३ ते ५ दिवस. 'मूळ औषध' हे शब्द महत्त्वाचे. पुडीवर १० टक्के लिहिले असेल तर १ ग्रॅम पावडरमध्ये औषध १०० मिलिग्रॅमच असते, बाकी साखर. चमच्याने अंदाज घेणाऱ्यांचे इथेच चुकते.

हिशेब असा करा. समजा डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन किलोला २० मिलिग्रॅम लिहिले, पावडर १० टक्क्यांची आहे आणि कोंबड्या सहा, प्रत्येकी दीड किलो. एकूण वजन ९ किलो, औषध १८० मिलिग्रॅम, म्हणजे पावडर १.८ ग्रॅम. आता आदल्या दिवशी त्या प्रत्यक्षात किती पाणी प्यायल्या ते मोजा. लिटरभर असेल तर औषध पाऊण लिटरमध्ये घाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत संपेल. नंतर साधे पाणी. रोज सकाळी नवे द्रावण. जी कोंबडी पाणीच पीत नाही तिला पाण्यातून औषध मिळत नाही, हे उघड असूनही विसरले जाते. तिला तिच्या वजनाप्रमाणे सिरिंजने द्या.

डॉक्सिसायक्लिन आणि त्याच्या कुळातली औषधे कॅल्शियमला चिकटतात आणि निकामी होतात. म्हणून तेवढे दिवस शिंपल्यांचा चुरा आणि कॅल्शियमची बाटली बंद, ताक-दूध बंद, आणि बोअरच्या जड पाण्याऐवजी फिल्टरचे किंवा पावसाचे पाणी. भांडे प्लास्टिकचे, सावलीत. जस्ताच्या पत्र्याचे नको. टियामुलिनचे वेगळेच दुखणे आहे. तयार पिल्लांच्या खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घातलेले असते, आणि त्या दोघांचा टियामुलिनशी मेळ विषारी ठरतो. पिल्ले पाय लुळे पडून मरतात. खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय टियामुलिन सुरू करू नका.

तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून औषध थांबवू नका. उलट, तीन दिवस पूर्ण मात्रा पोटात जाऊनही काहीच फरक नसेल तर तेच वाढवत बसू नका. निदान चुकले आहे असे समजून डॉक्टरांना पुन्हा गाठा. माणसांच्या उरलेल्या गोळ्या, विशेषतः स्टिरॉइडच्या, कोंबडीला देऊ नका. एक दिवस तरतरी येते आणि प्रतिकारशक्ती बसते. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पुड्या जुन्या कपाटात असतील तर त्याही बाहेर काढा. खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली आहे.

औषध चालू असताना आणि नंतर लेबलवर लिहिलेल्या दिवसांपर्यंत अंडी खाऊ नका, विकू नका, उकडून पुन्हा कोंबड्यांनाही घालू नका. लेबल गप्प असेल तर शेवटच्या मात्रेनंतर अंड्यांसाठी किमान १० आणि मांसासाठी २८ दिवस धरा. एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक अंड्यावरच्या कोंबड्यांना न दिलेले बरे, आणि डॉक्टर सुचवत असतील तर आधी त्यांना 'अंडी खातो' एवढे सांगा.

तोवर खुराड्याकडे वळा

कोंबडी पेटीत सुधारते आणि खुराड्यात परतली की आठवड्यात पुन्हा घरघरते, याचे कारण बहुतेक वेळा हवा असते. दांडीच्या उंचीला नाक नेऊन श्वास घ्या. उभ्याने वास येत नाही, वाकल्यावर डोळे चुरचुरतात, असे असेल तर कोंबड्या रात्रभर त्याच हवेत असतात. अमोनिया नाकातले बारीक केसांसारखे तंतू बधिर करतो. धूळ आणि जंतू बाहेर ढकलायचे काम तेच करतात.

पावसाळ्यात आणि थंडीत चारी बाजूंनी गोणपाट आणि प्लास्टिक लावून खुराडे बंद केले जाते. माया असते, पण उपाय चुकीचा. वाऱ्याच्या बाजूला दांडीच्या उंचीपर्यंतच आडोसा करा आणि छताखाली सगळीकडे अर्धा फूट पट्टा जाळीचा, कायम उघडा ठेवा. कोरडी थंडी गावरान कोंबडी सोसते; ओल तिला सोसत नाही. रात्री प्रत्येकीला साधारण २ चौरस फूट जागा हवी. कोकणात तूस आठवड्यात ओला होतो, तेव्हा मुठीत दाबून पाहा: गोळा झाला तर बदला, विस्कटला तर चालेल.

साफसफाईचा क्रम असा. कोंबड्या बाहेर, अंथरूण पूर्ण काढून लांब खड्ड्यात, खरवडणे, साबणाच्या पाण्याने धुणे, एक दिवस ऊन. त्यानंतरच जंतुनाशक आणि चुना. ओल्या विष्ठेवर ब्लीचिंग पावडर टाकू नका. विष्ठेतल्या अमोनियाशी मिळून त्यातून झोंबणारा विषारी वायू निघतो आणि ज्यासाठी हे सगळे चालले आहे त्या श्वासनळ्याच भाजतात. पाण्याची भांडी रोज घासा. कळपात सर्दी पसरते ती याच भांड्यातून.

बरे होण्याची गती

ऊब आणि पाणी मिळाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली खूण दिसते ती खाण्याची नव्हे, पिसांची: फुललेली पिसे अंगाला बसतात, डोळे पूर्ण उघडतात. मग भूक, मग वजन. घरघर शेवटी जाते, कधी १०-१५ दिवस रेंगाळते. अंडी मात्र तीन ते सहा आठवडे विसरा. काही कोंबड्या याच काळात पिसे टाकतात, ते चांगलेच लक्षण. आयबी झालेल्या काही कोंबड्यांची अंडी कायमची वेडीवाकडी राहतात; त्यावर कॅल्शियम ओतून फायदा नाही.

औषध बंद झाल्यावर सलग १४ दिवस शिंक, फेस, घरघर काही नसेल तरच परत सोडायचा विचार करा. तोवर कळपातली तिची जागा गेलेली असते आणि अशक्त कोंबडीला बाकीच्या टोचून रक्तबंबाळ करतात. तीन-चार दिवस जाळीआड शेजारी ठेवा, मग रात्री अंधारात दांडीवर बसवा, शक्यतो आणखी एकीसोबत. सकाळी दाण्याची दोन भांडी लांब-लांब ठेवा.

आता एक कटू गोष्ट. सीआरडी किंवा कोरायझातून बरी झालेली कोंबडी रोगमुक्त होत नाही. ती वाहक राहते, आणि पाऊस, अंडे, खुडूक, प्रवास अशा ताणात पुन्हा जंतू सोडते. मायकोप्लाझ्मा तर अंड्यातून पिल्लात उतरतो. म्हणून अशा कळपाची अंडी उबवायला ठेवू नका, शेजाऱ्याला उबवणीसाठी देऊ नका आणि कोंबडी बाजारात नेऊ नका. दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे आहे तो कळप बंद ठेवायचा, आत नवीन काही नाही, बाहेर जिवंत काही नाही, आणि वयाने संपू द्यायचा. दुसरा म्हणजे सगळा कळप एकदम काढून, खुराडे स्वच्छ करून तीन-चार आठवडे मोकळे ठेवायचे आणि मग नवी पिल्ले आणायची. परसातल्या आठ-दहा कोंबड्यांना पहिला रस्ता बरा. अंडी-पिल्ले विकून घर चालत असेल तर दुसराच परवडतो. अर्धेमुर्धे, म्हणजे दोन जुन्या ठेवून सहा नव्या आणणे, हे सगळ्यांत वाईट.

नवी कोंबडी आणि लस

बाजारातून आलेली कोंबडी, किंवा प्रदर्शनाला जाऊन परतलेला आपलाच कोंबडा, ३० दिवस वेगळा. त्यात रोज रात्री तीच कानाची तपासणी.

मानमोडीची लासोटा लस ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास. आठव्या आठवड्याच्या आसपास आर टू बी ही मानमोडीचीच दुसरी लस, पंखाखाली कातडीत अर्धा मिलिलिटर. देवीची लस मध्ये एक-दोन आठवड्यांचे अंतर ठेवून, डॉक्टरांशी बोलून. आजारी कोंबडीला लस टोचू नका. लासोटानंतर तीन-पाच दिवस पिल्ले हलकी शिंकतात, ते लसीचेच काम आहे. लगेच प्रतिजैविक सुरू करायची गरज नाही, ऊब वाढवा.

लसीची बाटली बहुधा १०० मात्रांची येते आणि घरी कोंबड्या असतात बारा. म्हणून लस टाळली जाते. वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच सकाळ ठरवावी, बाटली बर्फाच्या थर्मासमधून आणावी, सावलीत मिसळावी आणि दोन तासांत संपवावी. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरली तर ते नुसते पाणी असते. रिकामी बाटली जाळा किंवा खोल पुरा. आत जिवंत विषाणू असतो.